कोपर कुठे होतं?

कॉव्हेंट्री,
१० एप्रिल २००४

ती. प्रमोदिनी आत्यास,
साष्टांग नमस्कार. (इथे खाली कार्पेट आहे, त्यामुळे साष्टांग घातला तरी लागत नाही.)

परवा फोनवर तू ‘कशी आहेस’ विचारलंस आणि मी ‘बरी’ म्हटलं. पुढे काही बोलले नाही, कारण आमच्याकडे इंडियाचा फोन स्पीकरवर असतो. म्हणून पत्र. कागदासमोर मला लाज वाटत नाही.

सिक्स्थ फॉर्म, म्हणजे आपली अकरावी-बारावी, मी ख्रिसमसला सोडला, ते तुला कळलंय. बाबांनी कारण काय सांगितलं देव जाणे. खरं कारण असं की बायॉलॉजीच्या वर्गापुढे उभं राहून किडनीवर दहा मिनिटं बोलायचं होतं. मी उभी राहिले, किडनीचं चित्र लावलं, आणि मग ते चित्र आणि मी, दोघंही दहा मिनिटं गप्प. बाबा किडनीचेच डॉक्टर आहेत हे तुला सांगायला नको. आता घरात सगळे माझ्याशी आयसीयूत असल्यासारखं हळू बोलतात.

आता बातमी. इथे एका अमेरिकन माणसाने बेसबॉलच्या सहा टीम काढल्यात. खेळाडूंना पगार आहे, म्हणून प्रोफेशनल म्हणायचं. पब्लिक येतं ते हॉटडॉग खायला. पण कॉव्हेंट्री आणि लेस्टर या दोन टीम एकमेकींच्या जिवावर उठल्यात. का, ते कुणालाच माहीत नाही. लेस्टर शेजारी आहे, तेवढं पुरत असावं. तर त्यांना अंपायर हवे होते. स्पोर्ट्स सेंटरच्या बोर्डावर कागद होता, ‘अनुभव असल्यास उत्तम’. आत्या, मला अनुभव आहे! तू जळगावला उन्हाळ्यात सॉफ्टबॉलच्या मॅचला मला न्यायचीस, फक्कीने रेघ मारायला लावायचीस आणि मग त्याच रेघेवर उभी करायचीस. ‘हलू नकोस, बघ.’ मी तेच करते अजून. हलत नाही आणि बघते.

कोर्सला आठ पुरुष आणि मी. शिकवणारा टेरी आधी बस चालवायचा. त्याने विचारलं, बेसबॉल कुठे शिकलीस? मी म्हटलं, जळगाव. तो म्हणाला, ते टेक्ससमध्ये का? मी मान हलवली. कशी हलवली ते आठवत नाही. तो खूष आहे, कारण बाकी आठ जण सारखे बोलतात.

घरी सांगितलं नाहीये. ‘काम लागलं’ म्हटलं. बॅगेतून जाड रूलबुक डोकावत होतं ते बाबांनी बघितलं आणि आईला म्हणाले, “लायब्ररीत लागलीय वाटतं.” मी काहीच म्हटलं नाही. ते माझं नेहमीचंच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

एकच लफडं आहे. ‘आउट’ ओरडावं लागतं. माझ्याने होत नाही. काय करू?

तुझी,
शाल्मली


जळगाव,
२६ एप्रिल २००४

चि. शाल्मली हिस आशीर्वाद.

इथे पारा बेचाळीसवर आहे. पत्राला घामाचे डाग पडले तर रडले समजू नकोस.

आधी घरचं बघू. खोटं बोलायचं नाही. बापाने विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर त्याचं नशीब. अवधूतला लहानपणापासून प्रश्न विचारायची सवयच नाही, थेट औषध द्यायची.

ओरडायचं म्हणतेस. अगं, आवाज घशातून काढायचा नसतो. आधी हात वर जातो, मग हात एकटा पडू नये म्हणून आवाज मागून येतो. आज नाही आला तर उद्या येईल. हात मात्र लगेच गेला पाहिजे. अंपायर घुटमळला की लोकांना मतं सुचतात.

आणि कॅच बघताना पंजे बघू नकोस. पंजा काय वाट्टेल ते दाखवतो. कोपर बघ. कोपर कुठे होतं ते कळलं की माणूस कुठे होता ते कळतं. भुसावळच्या फायनलला रेघेबाहेर खुर्ची टाकून बसलेले मुख्याध्यापक बॉल अडवायला आत वाकले होते. मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. म्हणजे, बघणाऱ्याने लुडबुड केली, बॅटर आउट. शाळा त्यांचीच हरली. माझी बदली झाली, निर्णय बदलला नाही.

इथे आता पोरं मैदानावर येतात ती ग्रेस मार्कांसाठी. बॉल पायावर पडला तरी आधी विचारतात, सर्टिफिकेट मिळेल का? तू तरी नीट उभी राहा.

प्रमोदिनी आत्या


कॉव्हेंट्री,
२० जून २००४

ती. ताईस,
अवधूतचा शि. सा. न.

इकडे सर्व ठीक. मीनाक्षीची नोकरी, माझं हॉस्पिटल, चालू आहे. शाल्मली लायब्ररीत जाते. शनिवार-रविवारसुद्धा. उन्हाने चांगलीच काळी पडलीय, खिडकीपाशी बसवत असावेत. असो, पुस्तकांच्या सहवासात आहे हे काय कमी. मी तिच्याशी मोकळेपणाने बोलत असतो. मी बोलतो, ती ऐकते, आणि मग आमचं एकमत होतं. सप्टेंबरसाठी कॉलेजात तिची ॲडमिशन घेऊन टाकलीय, बायॉलॉजी आणि केमिस्ट्री. तिला अजून सांगितलेलं नाही. आनंदाची बातमी आहे, वेळ बघून देऊ. तुझं ती ऐकते, तेव्हा तूही दोन शब्द लिही.

आपल्या महाराष्ट्र मंडळाची सहल यंदा १७ जुलैला बेसबॉलच्या मॅचला आहे. ही शशीची आयडिया, बाकी कुणाची असणार? बेसबॉल म्हणजे घाईत असलेल्या लोकांचं क्रिकेट. मी जातोय ते केवळ नियम समजावून सांगायला कुणीतरी जाणकार हवा म्हणून. शाल्मलीला सहलीला चल म्हटलं, तर कुठे ते न विचारताच ‘काम आहे’ म्हणाली. या मुलीला कसली म्हणून उत्सुकता नाही.

तुझा,
अवधूत


जळगाव,
६ जुलै २००४

चि. शाल्मली,

घाईत लिहिते. तुझा बाप १७ तारखेला अख्खं मंडळ घेऊन मॅचला येतोय. जाणकार म्हणून. सांभाळ.

शिवाय, सप्टेंबरला तू कॉलेजात जाते आहेस. अभिनंदन. तुझा बाप ‘वेळ बघून’ सांगणार आहे, तुला माहीत नसेल म्हणून कळवलं.

पोस्टमास्तर म्हणतोय आठ दिवसांत पोचेल. त्याने आजवर जळगावबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

आत्या


कॉव्हेंट्री,
१९ जुलै २००४

ती. आत्यास, सा. न.

तुझं ‘सांभाळ’चं पत्र आज सोमवारी आलं. मॅच शनिवारी झाली. दोन्ही देशांच्या पोस्टांचे आभार.

आता नीट सांगते. कॉव्हेंट्री विरुद्ध लेस्टर, त्यामुळे अंपायर वाढवले. मला टेरीने डाव्या बाजूच्या रेघेवर पार टोकाला, कठड्यापाशी ठेवलं. काम काय, तर बॉल रेघेच्या आत की बाहेर, आणि कठड्यापलीकडे गेला की नाही. बोलायचं काही नाही. टेरी म्हणाला, ही जागा तुझ्यासाठीच बनवलीय.

आणि बरोब्बर माझ्या मागे, कमरेएवढ्या कठड्यापलीकडे, चटया, थर्मास आणि शंकरपाळ्यांचे डबे घेऊन महाराष्ट्र मंडळ येऊन बसलं. पुढच्या रांगेत बाबा, मागे कुठेतरी आई. मी टोपी खाली ओढली आणि काळा चष्मा लावला. पण आत्या, गरज नव्हती. बाबा मला बघतात ते जेवणाच्या टेबलावर. मैदानात उभी असलेली माझी पाठ त्यांनी कधी बघितलीच नाहीये.

मग अडीच तास मी माझ्याच मंडळीची कॉमेंटरी ऐकली.

“अहो, हे दर वेळी बॅट टाकून का पळतात?” मधुमती काकू. “हरवली म्हणजे?”

“वहिनी, बॉल टप्पा न पडता या कठड्याबाहेर गेला ना, की होमरन. आपला सिक्सर,” शशीकाका.

“सिक्सरला सहा रन असतात, शशी,” बाबा. “इथे जेवढे वाटेत उभे असतील तेवढे सगळे घरी येतात. हा काय हिशोब आहे?”

“अवधूत, तू आधी कधी बघितलायस का हा गेम?”

“त्यात बघायचं काय!”

एक बॉल रेघेबाहेरून उडून चटईवर आला. शशीकाकांनी उचलून मैदानात परत फेकला आणि टाळ्यांची वाट बघत उभे राहिले. स्टुअर्ड, म्हणजे स्टँडवर लक्ष ठेवणारा माणूस, धावत आला. सर, परत नाही द्यायचा, ठेवून घ्या, इथे तशीच पद्धत आहे. बाबा म्हणाले, “ठेवून घ्या? इंग्रजाने आजवर कधी ठेवून घ्या म्हटलंय? हा काहीतरी ट्रॅप आहे.” पुढचा बॉल त्यांनीच फेकला. त्याच्या पुढचाही. स्टुअर्डने बोलणं सोडलं.

मधेच काकू म्हणाल्या, “तो अंपायर मुलगा किती बारीक आहे गं! ए बाळा, शंकरपाळे घेतोस?” मी जवळजवळ वळलेच होते.

शेवटचा डाव. लेस्टर पाच, कॉव्हेंट्री चार. कॉव्हेंट्रीचे दोन आउट, तिसरा झाला की मॅच खलास. एक गडी बेसवर. बॅटिंगला आमचा सगळ्यात जाडा. म्हणजे होमरन बसला तर दोन रन आणि आम्ही जिंकलो. अख्खं पब्लिक उभं, ढोल चालू, शशीकाका कुणाच्या तरी मुलाला खांद्यावर घेऊन.

आणि त्याने मारला. उंच. सरळ माझ्याकडे. लेस्टरचा फील्डर मागे मागे पळत आला, कठड्याला पाठ टेकवली, ग्लव्ह वर केला. बॉल त्याच्या ग्लव्हमध्ये येत होता, आत्या. अगदी येत होता.

तेवढ्यात माझ्या कानाशी आरोळी आली, “माझा! माझा!”

बाबा. पोटावर कठडा, दोन्ही हात पुढे. फील्डरच्या ग्लव्हसमोरून बॉल उचलला आणि तिथून थेट कीपरकडे फेकला. (चार टप्पे पडले.) आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले, विकेट घेतल्यासारखे.

सगळीकडे जल्लोष. बोर्डवाल्याने आमचे सहा रन लावूनही टाकले. जाडा नाचत नाचत धावत होता. फील्डर ग्लव्ह आपटून मला काहीतरी म्हणाला, ते मराठीत सांगता येत नाही. आणि तिकडे लांब, बॅटर उभा राहतो त्या घराच्या बेसपाशी, मुख्य अंपायर टेरी नुसता माझ्याकडे बघत उभा. एवढ्या लांबून त्याला दिसलं नव्हतं. मलाच दिसलं होतं.

मला किडनी आठवली. खरंच. ते चित्र, तो वर्ग. वाटलं, आताही गप्प राहिलं तर काय होईल? काहीच नाही. आम्ही जिंकू. बाबा हिरो होतील. मंडळ पुढची तीन वर्षं तो कॅच सांगेल. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

पण मी कोपर बघितलं होतं.

हात वर गेले. दोन्ही. डाव्याने उजव्याचं मनगट धरलं. ढोल आधी थांबले, मग माणसं. टेरी धावत आला आणि हळूच म्हणाला, “कोण?” मी बोट दाखवलं. त्याने जाड्याला आउट दिला. मॅच संपली. लेस्टर जिंकलं.

मग कॉव्हेंट्रीने मला जे काही म्हटलं, त्यातलं सगळ्यात स्वच्छ मागून मराठीत आलं. “आंधळा आहे का हा? कुणी आणून उभा केलाय याला?”

मी वळले. चष्मा काढला. म्हटलं, “बाबा, खाली बसा.”

हळूच म्हटलं. पण बसले. मग स्टुअर्ड आला आणि त्यांना उठवून बाहेर घेऊन गेला, म्हणजे बसून तसा उपयोग झाला नाही. काकू म्हणाल्या, “अगोबाई, शाल्मली!” आणि डबा पुढे केला. मी शंकरपाळे घेतले. भूक लागली होती.

गाडीत आईने एकच विचारलं, “मग लायब्ररीत कोण जातं?” त्यानंतर दोन दिवस घरात कुणीच कुणाशी बोलत नाहीये. मला सवय आहे. त्यांचे हाल होतायत.

कॉलेजची बातमीही तुझ्याच पत्रातून कळली. बाबा ‘वेळ बघून’ सांगणार होते ना? आता कुठली वेळ बघतात बघू. मला पुढच्या सीझनला टेरीबरोबर पूर्ण काम करायचंय, आणि ते मला घरात म्हणता येत नाहीये. पाच हजार लोकांसमोर हात वर झाला, आणि तीन माणसांच्या टेबलावर होत नाही. काय म्हणावं?

शाल्मली


कॉव्हेंट्री,
२० जुलै २००४

ती. ताईस, शि. सा. न.

एका गंभीर बाबतीत तुझं तज्ज्ञ म्हणून लेखी मत हवं आहे. ते मी लीगकडे पाठवणार आहे.

शनिवारच्या मॅचमध्ये मी एक अप्रतिम कॅच घेतला. तो अवैध ठरवण्यात आला आणि मला, एका कन्सल्टंट डॉक्टरला, चारचौघांत बाहेर काढण्यात आलं. अंपायर कोण होता हे महत्त्वाचं नाही. (तुला आधीपासून माहीत होतं, हे आता माझ्या लक्षात आलंय. त्यावर वेगळं लिहीन.)

मुद्दा असा की मी पूर्णपणे माझ्या जागेत, कठड्याच्या बाहेर होतो. बॉल आपण होऊन माझ्याकडे आला. कठड्याच्या कडेने उजव्या काखेत चांगलंच खरचटलं, टिटॅनसचं इंजेक्शन घ्यावं लागलं, तरी मी बॉल सोडला नाही. वर तिथून एका टप्प्यात कीपरच्या हातात दिला. त्याबद्दल कुणी एक अक्षर काढत नाही.

मीनाक्षीला विचारलं तर ती हसते. शाल्मलीशी बोलावं म्हणतो, पण सुरुवात कशी करायची कळत नाही. आजवर तशी वेळ आली नव्हती.

तुझा,
अवधूत


जळगाव,
२ ऑगस्ट २००४

चि. अवधूत यास आशीर्वाद.

लेखी मत मागितलंस, देते.

काखेत खरचटलं म्हणतोस. हाताची हाडं तू शिकलायस, मी नाही. पण आमच्याकडे कोपर काखेच्या पुढे असतं, तिकडे इंग्लंडात काय आहे माहीत नाही. काख कठड्यावर होती, तर मग कोपर कुठे होतं रे?

निर्णय बरोबर. खाली सही आणि जिल्हा असोसिएशनचा शिक्का मारलाय. खुशाल लीगला पाठव.

सप्टेंबरच्या बाबतीतही जरा कोपर तपासून बघ.

प्रमोदिनी

ता. क. कॅच दोन्ही हातांनी घेतलास ना? मीच शिकवला होता. चांगला असणारच.


कॉव्हेंट्री,
१५ ऑगस्ट २००४

ती. आत्यास, सा. न.

आज पंधरा ऑगस्ट. इथे कुणाला आठवत नाही. आठवेल कसा?

तुझं पत्र मंगळवारी आलं. नाश्ता चालला होता. बाबांनी उभं राहून मोठ्याने वाचायला घेतलं. “लेखी मत मागितलंस, देते.” आमच्याकडे विजयी नजरेने बघितलं. पुढचं मनात वाचलं. मग शर्टाची बाही वर करून काखेत बघितलं. मग कोपराकडे. मग परत पत्राकडे. आई उपम्याचं पातेलं घेऊन आत निघून गेली, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

बाबांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, “तो फील्डर सोडणार होता.”

“पकडला असता,” मी म्हटलं.

“तुला काय माहीत?”

“मी बघत होते.”

बाबांनी पत्र खिशात ठेवलं. मग सवयीने घसा साफ केला आणि म्हणाले, “बरं, सप्टेंबरचं असं आहे, की मी तुझी...”

माझे हात वर गेले, आत्या. तिथे, टेबलावर, लोणच्याच्या बरणीच्या वर. मनगट धरलं.

“अजून मी काही बोललोच नाही!” बाबा म्हणाले.

“कोपर दिसलं,” मी म्हटलं. हात खाली घेतले नाहीत.

आतून आई म्हणाली, “अहो, बसा. उपमा गार होतोय.” बाबा बसले. उपम्यात चमचा फिरवत राहिले. आणि मग त्यांनी विचारलं, “मग तुला काय करायचंय?”

विचारलं! मी घड्याळ नाही बघितलं, पण दहा मिनिटं तरी बोलले असेन. चित्र न लावता.

त्यांना पटलेलं नाही. अंपायर हे काय करिअर आहे का, असं ते रोज भिंतीला विचारतात. ॲडमिशनही रद्द केली नाही. “राहू दे, असावी,” म्हणतात. मीही राहू दिलीय. पण आता ती माझ्या परवानगीने राहिलीय.

काल परत लेस्टरशी मॅच होती. मी त्याच रेघेवर. मागून ओळखीचं खोकणं आलं. वळून बघितलं तर बाबा एकटेच, दुसऱ्या रांगेत, दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलेले. शाळेत शिक्षा झाल्यासारखे. तसेच बसून होते शेवटपर्यंत. चहासुद्धा घेतला नाही.

आठव्या डावात एक बॉल रेघेबाहेर गेला, कठड्यापलीकडे टप्पा पडला आणि बरोबर त्यांच्या मांडीत येऊन थांबला. बाबा हलले नाहीत. तोच स्टुअर्ड म्हणाला, सर, ठेवून घ्या. तरी नाहीत. हात मांड्यांखालीच. मांडीतल्या बॉलकडे बघत, मग माझ्याकडे बघत. सगळा स्टँड त्यांच्याकडे बघतोय आणि ते माझ्याकडे.

“घ्या, बाबा!” मी ओरडले. “तुमचाच आहे!”

टेरी म्हणतो, त्याला घराच्या बेसपर्यंत ऐकू आलं.

तुझी,
शाल्मली